शेवटग्रस्त

बसवनगुडीला वाढत्या गोष्टी थांबवण्याचा जुना अनुभव आहे. बुल टेंपल रोडच्या टेकडीवर अखंड दगडातला जो नंदी बसला आहे, तो सुमारे १५ फूट उंच. दंतकथा सांगते की हा मूळचा हाडामांसाचा बैल. आसपासच्या शेतांत शिरून भुईमुगाच्या शेंगा फस्त करायचा. एका शेतकऱ्याने वैतागून सोटा हाणला, तर बैल जागच्या जागी दगड झाला. आणि दगड झाल्यावरही वाढतच राहिला. लोक घाबरले, शंकराला शरण गेले आणि त्याच्या सांगण्यावरून नंदीच्या कपाळावर लोखंडी त्रिशूळ रोवला. तेव्हा कुठे वाढ थांबली.

हा उपाय अमेरिकेतल्या मालिकावाल्यांना वेळेवर कुणी कळवला नाही, अशी गांधी बाजाराच्या मागच्या एका क्रॉसवर राहणाऱ्या एका गृहस्थांची तक्रार आहे. त्यांचं नाव सांगण्याची गरज नाही, कारण ही एक जमातच आहे. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, तसे हे शेवटग्रस्त. सरकारी यादीत त्यांचा अजून समावेश झालेला नाही, त्यामुळे सानुग्रह अनुदान वगैरे काही मिळत नाही. मिळते ती बायकोच्या हातची कॉफी, तीही दुसऱ्यांदा मागितली तर ऐकून घेऊन.

ही जमात पुण्यात आढळते, दादरला आढळते, न्यू जर्सीतही सुखाने नांदते. पण बसवनगुडीचं हवामान तिला विशेष मानवतं. निवृत्त इंजिनिअरांची इथे दाटी आहे, फुटपाथला झाडांची सावली आहे, आणि उभ्या उभ्या वाद घालायला दर दोन चौकांत एक दर्शिनी आहे. आपले शेवटग्रस्त मूळचे बेळगावचे. उभी हयात बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात गेली. समोर सुटा भाग यायचा, हे गेज लावायचे, आणि सुताएवढा फरक दिसला की लाल शिक्का मारून परत पाठवायचे. निवृत्तीनंतर शिक्का कारखान्यात राहिला, हात मात्र घरी आला.

गंमत अशी की आयुष्यात त्यांनी कशाचंही स्पष्टीकरण कधी मागितलेलं नाही. ऐन मुलाच्या दहावीच्या वर्षी त्यांची बदली का झाली, ते त्यांनी विचारलं नाही. गांधी बाजाराचा रस्ता एकदा खणला, बुजवला, पुन्हा खणला, तेव्हा ते खड्ड्याला वळसा घालून भाजी आणत राहिले. सख्खा मेव्हणा १५ वर्षं बोलत नाही. का, हे दोघांनाही नीटसं आठवत नाही, आणि कुणाची झोपही उडालेली नाही. पण तिसऱ्या सीझनच्या चौथ्या भागात एका वैज्ञानिकाने खिशात घातलेली किल्ली शेवटच्या भागापर्यंत बाहेर आली नाही, तर यांना रात्री दोन वाजता जाग येते.

ताजा आघात १ जानेवारी २०२६चा. 'स्ट्रेंजर थिंग्ज' ही मालिका २०१६ साली सुरू झाली आणि साडेनऊ वर्षांत पाच सीझन आणि ४२ भाग करून संपली. ४२ हा आकडा शेवटग्रस्तांनी बोटांवर मोजून काढला आणि थोडा वेळ ते खूश होते, कारण डग्लस ॲडम्सच्या कादंबरीत विश्वाच्या अंतिम प्रश्नाचं उत्तर ४२च निघतं. म्हणजे काहीतरी योजना असणार. शेवटचा भाग अमेरिकेत ३१ डिसेंबरच्या रात्री आला, म्हणजे आपल्याकडे नववर्षाच्या सकाळी साडेसहाला. गल्लीतली तरुण मंडळी आदल्या रात्रीच्या जल्लोषानंतर झोपली होती. हे मात्र आंघोळ, संध्या उरकून, कानटोपी घालून, हातात वही घेऊन सहा वाजल्यापासून टीव्हीसमोर. मुलगा मधूनच उठून आला आणि "बाबा, अजून सुरू व्हायचंय?" विचारून पुन्हा झोपायला गेला. दोन तासांहून थोडा अधिक काळ घरात फक्त राक्षसांचे आणि कुकरचे आवाज होते.

भाग संपला. ते काही बोलले नाहीत. ही लक्षणं घरच्यांच्या ओळखीची आहेत.

"अहो, पोहे घेताय ना?"

"ती मेली की जिवंत आहे?"

"कोण?"

"अकरा."

बाईंनी हातातला झारा खाली ठेवला. घरात एकादशी सोडली तर अकराचा कुणाशी संबंध नव्हता. अकरा हे मालिकेतल्या अद्भुत शक्तीच्या मुलीचं नाव. शेवटी ती सगळ्यांसमोर नाहीशी होते. मग तिचा मित्र एक गोष्ट रचून सांगतो की कदाचित ती वाचली असेल, दूर कुठेतरी तीन धबधबे असलेल्या गावी शांतपणे राहत असेल. खरं काय ते ज्याने त्याने ठरवावं. हे ज्याने त्याने ठरवणं शेवटग्रस्तांच्या तत्त्वात बसत नाही. सुटा भाग पास की नापास हे ज्याने त्याने ठरवायला लागलं, तर विमानं उडायची कशी?

पोहे तसेच टाकून ते बाहेर पडले आणि विद्यार्थी भवनच्या रांगेत जाऊन उभे राहिले. १९४३ पासून चालू असलेल्या या हॉटेलात मसाला डोश्यासाठी थांबावंच लागतं, आणि थांबलेला माणूस पळून जाऊ शकत नाही, हे या जमातीने फार पूर्वी हेरून ठेवलं आहे. मागे उभ्या असलेल्या एका अनोळखी तरुणाला त्यांनी नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या आणि विचारलं, "तुम्ही बघितलंत?" त्याने बघितलं नव्हतं. संध्याकाळी बघणार होता. आता त्याला बघण्याची गरज उरलेली नाही. आत टेबल मिळाल्यावरही, एका हातावर डोश्यांच्या ताटल्यांची चळत पेलत येणाऱ्या वाढप्याला त्यांनी तीन धबधब्यांबद्दल छेडलं. त्याने जोगचं नाव घेतलं. "जोगला चार आहेत," शेवटग्रस्त म्हणाले, "राजा, राणी, रोअरर, रॉकेट. तीनच हवेत." वाढप्याने दुसऱ्या टेबलाची ऑर्डर घेतली.

या दुःखाला वंशावळ आहे, आणि ती त्यांना तोंडपाठ आहे. वहीच्या पहिल्या पानावर 'द प्रिझनर' ही ब्रिटिश मालिका. एकूण १७ भाग. एका विचित्र गावात डांबलेला नायक पहिल्या भागापासून एकच विचारतो की इथला क्रमांक एक कोण? १९६८च्या फेब्रुवारीत शेवटचा भाग लागला, क्रमांक एकचा मुखवटा निघाला, त्याखाली माकडाचा मुखवटा, आणि त्याखाली स्वतः नायकच. प्रेक्षक इतके खवळले की आपल्याला काही दिवस तोंड लपवून राहावं लागलं, असं नायक आणि कर्ता-करविता पॅट्रिक मॅकगूहान पुढे सांगत असे. शेवटग्रस्त त्या वर्षी बेळगावात पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जात होते. मालिका त्यांनी पुढे चाळीसेक वर्षांनी कुणाकडून आणलेल्या सीडीवर पाहिली आणि मग सबंध इंग्लंडचा १९६८चा राग त्यांनी एकट्याने नव्याने केला.

मग 'ब्लेक्स सेव्हन'. २१ डिसेंबर १९८१, नाताळ चार दिवसांवर आलेला, आणि बीबीसीने नायकाची अख्खी टोळी एकेक करून गोळ्या घालून पाडली. मग 'क्वांटम लीप'. चार वर्षं काळात उड्या मारणारा डॉक्टर सॅम बेकेट घरी कधी पोहोचणार म्हणून लोक डोळे लावून बसलेले. १९९३च्या मे महिन्यात शेवटच्या भागात काळ्या पडद्यावर एक ओळ आली की तो कधीच घरी परतला नाही. त्यातही बेकेटचं स्पेलिंग चुकलेलं, शेवटचा एक टी गायब. शेवटग्रस्तांना यातलं नेमकं काय अधिक लागलं, हे बघणाऱ्याने ओळखावं. माणूस हरवला हे ते समजू शकतात. अक्षर हरवलं म्हणजे अंतिम तपासणीच झाली नव्हती.

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'चं पान सर्वांत काळंकुट्ट आहे. २० मार्च २००९. माणसांचा उरलासुरला तांडा यंत्रमानवांपासून पळत पळत आपल्या पृथ्वीवर पोहोचतो, दीड लाख वर्षांपूर्वी. आणि पोहोचल्यावर काय करतो? सगळी जहाजं सूर्यात सोडून देतो. "औषधं? हत्यारं? निदान एक पान्हा तरी ठेवायचा!" असं ते आजही म्हणतात. वर एक वैमानिक बाई, जी आधी मेली होती आणि मग परत आली होती, ती बोलता बोलता कुरणातून अदृश्य होते. म्हणजे देवाची करणी. बसवनगुडीत राहणाऱ्या माणसाच्या तोंडावर हे उत्तर फेकायचं म्हणजे धारिष्ट्य हवं. कारण इथून चालत जाण्याच्या अंतरावर नॅशनल कॉलेज आहे, आणि त्या कॉलेजच्या हॉस्टेलातल्या साध्या खोलीत एच. नरसिंहय्या राहत. बेंगळुरू विद्यापीठाचे कुलगुरू असताना १९७६ साली त्यांनी चमत्कार आणि अंधश्रद्धांची तपासणी करायला समिती नेमली होती आणि पुट्टपर्तीच्या सत्यसाईबाबांनाच आपल्यासमोर चमत्कार करून दाखवा म्हणून पत्रं धाडली होती. शेवटग्रस्त त्यांच्या सायन्स फोरमच्या व्याख्यानांना मागच्या बाकावर बसलेले. "एचेन असते," ते म्हणतात, "तर त्या बाईला पुन्हा अदृश्य व्हायला लावली असती. बंद खोलीत. साक्षीदारांसमोर."

'लॉस्ट'बद्दल मात्र ते लोकांवरच चिडतात. २३ मे २०१० रोजी ती संपली, तेव्हा अर्ध्या जगाने समजूत करून घेतली की बेटावरची सगळी माणसं पहिल्यापासूनच मेलेली होती. तसं मुळीच नव्हतं. झालं असं की श्रेयनामावली सरकत असताना मागे रिकाम्या किनाऱ्यावर पडलेल्या विमानाच्या सांगाड्याची दृश्यं दाखवली. ती लेखकांनी ठरवलेली नव्हती, वाहिनीने घातलेली होती. मालिका संपली की लगेच बातम्या नकोत, प्रेक्षकांना जरा दम खाऊ द्यावा म्हणून. प्रेक्षकांनी दम खाल्ला आणि निष्कर्ष काढला की सांगाडा आहे, माणसं नाहीत, म्हणजे सगळे गेले. हे समजावून सांगण्यात शेवटग्रस्तांची पंधरा वर्षं गेली आहेत. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत 'इतर विषय' या सदराखाली त्यांनी हा मुद्दा एकदा मांडलाही होता. मिनिट्समध्ये नोंद आहे.

एकाच मालिकेवर पासचा शिक्का आहे. जर्मन 'डार्क'. तीन सीझन, २६ भाग, आणि शेवटचा हप्ता आला २७ जून २०२० रोजी, म्हणजे मालिकेत ज्या दिवशी जगबुडी होते नेमक्या त्याच तारखेला. असल्या काटेकोरपणापुढे ते हात जोडतात. टाळेबंदीतले ते दिवस, त्यांनी दिवाणखान्याच्या भिंतीवर जुन्या कॅलेंडरांची पाठकोरी पानं चिकटवून चारही घराण्यांच्या वंशावळी काढल्या होत्या. त्यांच्या आईने, तेव्हा त्या होत्या, आरामखुर्चीतून एक दिवस त्या तक्त्याकडे निरखून बघितलं आणि दोन बायकांवर काठी टेकवली. "ही हिची आई, आणि ही परत तिची आई?" होय की, शार्लट आणि एलिझाबेथ एकमेकींच्या आया आहेत, काळाच्या फेऱ्यामुळे. म्हातारीने क्षणभर विचार केला. "मग गोत्र कसं लावायचं?" शेवटग्रस्तांना या एका प्रश्नाचं उत्तर अजून सापडलेलं नाही, पण ते खापर ते जर्मनांवर फोडत नाहीत.

खरं तर यांची पिढी मालिकांच्या शेवटाबद्दल फार सोशीक. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायचं, त्याच दशकाच्या शेवटी 'स्पेस सिटी सिग्मा' आली, १९९८मध्ये केतन मेहतांच्या 'कॅप्टन व्योम'मध्ये मिलिंद सोमण चकचकीत पोशाखात विश्व वाचवत होता. या मालिका संपल्या कशा, ते शेवटग्रस्तांना आठवत नाही. बहुधा त्या संपल्याच नाहीत. एका आठवड्यात त्या वेळेला दुसरंच काहीतरी लागलं. ऐन हातघाईच्या प्रसंगी वीज जायची, किंवा पडद्यावर व्यत्ययाबद्दल दिलगिरीची पाटी यायची, आणि उरलेला भाग दुसऱ्या दिवशी कारखान्यात ज्याचा आवाज मोठा त्याच्या मताप्रमाणे व्हायचा. तेव्हा कुणी रडलं नाही. पैसे मोजून, दर महिन्याला न चुकता वर्गणी भरून बघायला लागल्यावर माणसाला शेवटाचा हक्क फुटला, असा आपला एक अंदाज.

तर मुद्दा शेंगांचा. दर वर्षी कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत कडलेकाई परिषे भरते. नव्या पिकाच्या शेंगा आधी नंदीला, मग माणसांना. बुल टेंपल रोड दोन्ही बाजूंनी शेंगांच्या ढिगांनी भरून जातो. कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या, मापाने घ्या. २०२५मध्ये तो सोमवार १७ नोव्हेंबरला आला, आणि दहाच दिवसांनी 'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या शेवटच्या सीझनचा पहिला हप्ता. शेवटग्रस्तांनी आपली बेगमी म्हणून अर्धं पोतं शेंगा आणून ठेवल्या होत्या. १ जानेवारीला दुपारी त्या पोत्याकडे बघताना त्यांना 'जेरिको' आठवली.

'जेरिको'ची कथा या जमातीत पोथीसारखी वाचली जाते. अणुस्फोटांनंतर उरलेल्या एका लहान गावाची ही मालिका सीबीएस वाहिनीने २००७च्या मे महिन्यात, २२ भागांनंतर बंद केली. शेवटच्या भागात शत्रू शरण यायला सांगतो आणि नायक एका शब्दात उत्तर देतो, "नट्स!" १९४४च्या डिसेंबरात बास्तोन्यला वेढल्या गेलेल्या अमेरिकन सेनापती मॅकऑलिफने जर्मनांना हेच उत्तर दिलं होतं. चाहत्यांनी तो शब्द उचलला आणि वाहिनीच्या कचेऱ्यांवर शेंगदाणे पाठवायला सुरुवात केली. किलो-दोन किलो नव्हे, तब्बल २० टनांच्या आसपास. न्यू जर्सीतल्या एका सुकामेव्याच्या दुकानाने ऑर्डरी गोळा करून गोण्याच्या गोण्या रवाना केल्या. अखेर जूनमध्ये वाहिनी वाकली, सात भागांचा दुसरा सीझन कबूल केला, आणि तिथल्या प्रमुख बाईंनी जाहीर पत्र लिहून हात जोडले की आता कृपा करून शेंगदाणे थांबवा. गोळा झालेला माल धर्मादाय संस्थांना वाटला. ते सात भाग २००८मध्ये दाखवले, आणि मग मालिका पुन्हा बंद झाली, ती कायमची. शेवट मात्र दोन चित्रित करून ठेवले होते; पुढे चालू ठेवायची असेल तर एक, नसेल तर दुसरा. या शेवटच्या तपशिलाशी पोहोचल्यावर शेवटग्रस्तांचा आवाज जड होतो. दोन शेवट! इथे एक धड मिळत नाही.

"आपण पाठवू," ते म्हणाले. "मालिकावाल्यांच्या मुंबईच्या कचेरीत. परिषेच्या शेंगा आहेत, नंदीला दाखवलेल्या."

"काय लिहायचं त्यात?"

"नववा भाग द्या."

"आणि त्यांनी त्या खाऊन टाकल्या तर?"

या शक्यतेचा चळवळीच्या इतिहासात विचार झालेला नाही. तरी त्यांनी काट्यावर पोतं ठेवलं, सोळा किलो भरलं, आणि कुरिअरवाल्याकडे दराची चौकशी केली. आकडा ऐकून चळवळीचं स्वरूप प्रतीकात्मक ठेवायचं ठरलं. पाव किलो. त्यातल्या मूठभर शेंगा कुरिअरवाल्याने चव बघायला घेतल्या, आणि वजन दोनशे ग्रॅमच्या खाली आल्यावर दर एक टप्पा उतरला. पुढचा आठवडाभर बाईंनी शेंगदाण्याची चटणी, दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, दाण्याची आमटी आणि दाण्याचे लाडू या क्रमाने उरलेल्या चळवळीची विल्हेवाट लावली.

नववा भाग मागण्यात ते एकटे नव्हते, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट. शेवट लागल्याबरोबर जगभरच्या चाहत्यांत बोलवा उठली की हा आठवा भाग खरा शेवट नव्हेच. तो खलनायकाने दाखवलेला भ्रम आहे, आणि ७ जानेवारीला अचानक खरा भाग प्रकट होईल. पुरावे? पदवीदान समारंभात सगळी मुलं एकाच पद्धतीने हात ठेवून बसली आहेत. शेवटग्रस्तांनी ते दृश्य थांबवून थांबवून तपासलं, वहीत कोनांसह आकृती काढली, आणि अमेरिकेतल्या वेळेचा हिशेब करून ८ जानेवारीला पहाटे पुन्हा कानटोपी घालून बसले. काही आलं नाही. साडेसातला दूधवाला आला.

त्या सकाळी त्यांना गाठलं ते शेजारच्या निवृत्त कन्नड प्राध्यापकांनी, ब्यूगल रॉकच्या बागेत. हे गृहस्थ गमक गायनाचे दर्दी, टीव्ही बघत नाहीत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे शेवट दाखवला, मग कळलं की ती माया होती?"

"कळलं नाही. कळायला हवं होतं."

"महाभारतात कळतं," प्राध्यापक म्हणाले. युधिष्ठिर स्वर्गात जातो तर तिथे सिंहासनावर दुर्योधन. भाऊ कुठे म्हणून विचारतो, तर नरकात. मग तो म्हणतो, मीही इथेच राहतो. आणि तेव्हा सांगितलं जातं की हा सगळा आभास होता. आता खरा स्वर्ग बघ. "तुमचा नववा भाग तो हाच. व्यासांनी दिला. पण आमचा कुमारव्यास शहाणा."

इथून पुढे शेवटग्रस्त ऐकत राहिले, जे क्वचित घडतं. गदगच्या नारणप्पाने, म्हणजे कुमारव्यासाने, पंधराव्या शतकात कन्नडात भारत रचलं ते दहा पर्वांपर्यंतच. दुर्योधनाची मांडी मोडली, धर्मराजाला राज्याभिषेक झाला, कवी उठला. पुढची ती रडारड, ते यादवांचं एकमेकांना मारणं, हिमालयात एकेकाचं पडणं, काही नाही. पाचशे वर्षं कन्नड माणूस ते दहा पर्वांचं भारत गात आला आहे, आणि शेवट अर्धवट राहिला म्हणून नंदीच्या देवळासमोर मोर्चा आलेला नाही.

"आणि उरलेली आठ पर्वं?"

"ती पुढे तिम्मण्ण कवीने पुरी केली. कृष्णदेवरायाच्या आश्रयाने."

"लोक वाचतात?"

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. "पूर्ण आहेत," ते म्हणाले.

हे घरी येऊन सांगितल्यावर बाईंना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांचा मालिकांचा अभ्यास नवऱ्यापेक्षा जुना आहे आणि तत्त्वज्ञान पक्कं. 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३पर्यंत, तीन हजारांवर भाग, त्यांनी निवडक चुकवून सगळे बघितले. शेवटच्या भागात काय झालं? आठवत नाही. त्या दिवशी हळदीकुंकू होतं. मालिका संपली की त्या जागी दुसरी लागते, तिच्यातही एक सासू असते. मग तळमळायचं कशासाठी? नवऱ्याच्या मालिकांत सासवा नसतात, म्हणूनच त्या लवकर संपतात, असं त्यांचं साधं निदान आहे, आणि विज्ञानकथेच्या समीक्षकांनी त्यावर अजून विचार केलेला नाही.

तिम्मण्ण कवी मात्र शेवटग्रस्तांच्या डोक्यात जाऊन बसला. दुसऱ्याने सोडलेलं आपण पुरं करायचं. मग आठवले नारळीकर. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी फिरवून, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेऊन. पहिलं बक्षीस मिळालं. शेवटग्रस्तांनीही टोपणनाव घेतलं. नारळीकरांनी नाव लपवलं ते परीक्षकांपासून. यांनी लपवलं ते घरच्यांपासून. संक्रांतीपर्यंत रोज दुपारी, वामकुक्षीच्या नावाखाली दार लावून, त्यांनी 'स्ट्रेंजर थिंग्ज'चा नववा भाग मराठीत लिहून काढला. फुलस्केप, एका बाजूला, समास सोडून. एकही धागा सुटता कामा नये, म्हणून आधी धाग्यांची यादी केली. ती यादीच अकरा पानं झाली. अकरा जिवंत निघाली. किल्ली खिशातून बाहेर आली. तीनही धबधबे अक्षांश-रेखांशांसह सापडले. खलनायकाने लेखी कबुलीजबाब दिला.

संक्रांतीच्या संध्याकाळी तिळगूळ द्यायला आलेल्या प्राध्यापकांना, मुलाला आणि बाईंना बसवून त्यांनी तो वाचून दाखवला. दीड तास लागला. टोपणनाव आपोआप निकालात निघालं. प्राध्यापक अधूनमधून मान डोलवत होते, ती गमक ऐकायची सवय. मुलगा मोबाइल उलटा ठेवून ऐकत होता, ही त्याने बापाला दिलेली मोठी दाद. वाचन संपलं. शेवटग्रस्तांनी कागद सारखे करून टाचणी लावली आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं.

"छान," बाई म्हणाल्या. त्यांनी मूळ मालिकेचा एकही भाग बघितलेला नव्हता, पण लक्ष देऊन ऐकलं होतं. "फक्त एक सांगा. त्या मुलाची आई. पहिल्या पानांत तिला दवाखान्यात ठेवलीत, पाय मोडला म्हणून. ती घरी कधी आली?"

शेवटग्रस्तांनी टाचणी काढली. पानं चाळली, पुढे गेले, मागे आले, धाग्यांची यादी उलटून बघितली. आई दवाखान्यात होती. सगळं गाव वाचलं, जग वाचलं, मुलं पदवी घेऊन बाहेर पडली, आणि आई दवाखान्यातच होती.

"आणि तिचं जेवणखाण कोण बघत होतं?" बाईंनी पुढचं विचारलं.

"ते," शेवटग्रस्त कागद पिशवीत घालत म्हणाले, "मुद्दाम मोकळं ठेवलंय. ज्याने त्याने ठरवायचं."